वाळला का पाळणा

बाबांनी डब्याचं झाकण काढलं आणि वास थेट चुलीपर्यंत आला. तव्यावरची भाकर उलटायची सोडून मी बाहेर आले. अंगणात पोत्यावर पाळणा उताणा पडला होता आणि माझे सासरे त्याच्याजवळ उकिडवे बसून काडीला चिंधी गुंडाळत होते. पाळण्याच्या एका पायाला काळा लेप लागलाही होता.

"बाबा, हे काय?"

"जळकं ऑइल हाये बेटा. ट्रॅक्टरच्या मेस्त्रीकडून आणलं. एक हात मारला का उधई फिरकत नाई इकडं."

गोठ्याच्या खांबांना, बैलबंडीच्या दांड्यांना, कुंपणाच्या खुंट्यांना आमच्या घरी हेच लागतं. वाळवीवर दुसरं औषध इथं कुणाला माहीत नाही आणि हवंही नाही. पण पाळण्याला?

"नका लावू, बाबा. बोधी चाटते."

"पायाले चाटते का थे?"

"ती सगळ्यालेच चाटते. आज पायाले लावाल, उद्या कठड्याले."

सासूबाई दारात कापूस वेचणीची कापडी ओटी बांधत होत्या. कमरेला लुगड्याची गाठ मारत म्हणाल्या, "बैल दिवसभर बंडी चाटते. बैलाले काई झालं काय वो?"

बाबा हसले. मी हसले नाही. मला त्या डब्यातलं काळं तेल आणि बोधीची जीभ हे दोन्ही एकाच वेळी दिसत होतं. माझ्या लेकीच्या, बोधीच्या हिरड्या फुगल्या होत्या, दात येऊ घातले होते. हाताला लागेल ते तोंडात. पाटाची कड, माझ्या बांगड्या, बाबांची काठी.

"दाताचं कायले एवढं घेऊन बसली," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या घरी उशिराच येते दात. विवेकले तं चालाले लागल्यावर आले."

पाळणा काढायची वेळ का आली तेही सांगते. बोधी झोळीत झोपायची. छताच्या मयालीला बांधलेली साडीची झोळी, इथल्या सगळ्या लेकरांना असते तशी. पण ती आता बसायला लागली होती. एका सकाळी मी पाणी भरत होते, तिने दोन्ही हातांनी झोळीची कड धरली, वाकली आणि पडली. खाली गोधडी होती म्हणून कपाळाच्या टेंगळावर निभावलं. ती गोधडी मी रोज ठेवायची आणि सासूबाई रोज म्हणायच्या, झोळीतून कोणाचं लेकरू पडते? पडली त्या दिवशी दुपारी त्या बाबांना म्हणाल्या, "गोठ्याच्या आटाळ्यावरून पाळणा काढा."

बोधीला जमिनीवर ठेवायची सोय नव्हती. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छातीइतका झाला होता, भाव येईपर्यंत तो तिथंच राहणार. ढिगाच्या कडेला, पोत्यांच्या खाली दिवाळीनंतर दोनदा विंचू निघाला. मी झोपेतही पाय आखडून घेते.

पाळणा सागवानी. गावच्या सुताराने घडवलेला, सासूबाईंना पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा. ती पहिली मुलगी, सपना. ती पाळण्यात असतानाच तापात गेली. एवढंच मला माहीत. तेही विवेकने लग्नाआधी फोनवर एकदा सांगितलं होतं, पुन्हा त्या नावाचा उच्चार या घरात मी ऐकला नाही. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आजेसासऱ्यांचा आहे, तिचा नाही. नंतर विवेक त्याच पाळण्यात वाढला.

संध्याकाळी विवेक कापसाच्या जिनिंगवरून आला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं. "अहो, जवसाचं तेल आणा. हिंगणघाटला तेलघाणीवर मिळते. लाकडाले तेच लावतात, आणि पोटात गेलं तरी चालते. खायचंच तेल आहे ते."

"आता पाळण्याले खायचं तेल!" विवेक आईकडे बघून म्हणाला. मला वाटलं, आता सुरू होणार.

पण सासूबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "जवसाचंच लावत होतो आमी पयले," त्या म्हणाल्या. "तवा वावरात जवस राहे." मग मान वर करून, "आन बापा. पण लवकर वाळव वो मोनाली. वेचणीले बाया नाई भेटून राह्यल्या. पाळणा झाला का लेकरू बाबाजवळ ठेव अन् चाल वावरात."

तेव्हा ते सोपं वाटलं. मलाही.

*

बाबांनी चारही पायांचे पोखरलेले तळ करवतीने कापले. जळक्या तेलाचा भागही त्यातच गेला. मी राखेने, नारळाच्या शेंडीने पाळणा घासला. कठड्याच्या नक्षीत वर्षांची धूळ आणि गोठ्यातली कबुतरांची घाण बसली होती, ती खराट्याच्या काडीने कोरून काढली. बोटांची टोकं सोलली. पाळणा धुतल्यावर करडा दिसत होता, पावसात राहिलेल्या हाडासारखा.

कॉलेजात केमिस्ट्री होती मला. जवसाचं तेल सुकत नाही, हवा घेऊन घट्ट होतं. पातळ लावायचं, मुरू द्यायचं, उरलेलं सगळं पुसून काढायचं. जाड थर राहिला तर वर साय धरते आणि खाली चिकट राहतं. हे मला पाठ होतं. मोबाईलवर पुन्हा पाहिलंही. तेल आधी मंद तापवलं तर लवकर वाळतं, म्हणून लोखंडी कढईत चुलीवर ठेवलं. घरभर असा वास पसरला की शेजारच्या कोकिळाबाई कुडावरून ओरडल्या, "अन्नपूर्णे, आज मासोया केल्या का वो? आमाले नाई सांगतलं!"

"सुनेनं पाळणा तळाले घेतला," सासूबाईंनी आतूनच उत्तर दिलं.

पहिला हात मारला तेव्हाचं मात्र विसरणार नाही. मऊ चिंधीने तेल फिरवलं आणि करड्या लाकडातून मधासारखा रंग वर आला. रेषा रेषा दिसायला लागली. बाबा खाटेवर बोधीला मांडीत घेऊन बसले होते, ते म्हणाले, "अरे वा. असाच होता हा." मी कोरड्या फडक्याने सगळं तेल पुसून काढलं. मग चिंध्या एकेक सुटी करून कुंपणावर पसरल्या आणि उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले.

"चिंध्या कायले वाळत घालून राह्यली?"

"बोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटतात, आई. या तेलाच्या."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुडापलीकडे कोकिळाबाईंनीही पाहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी वावरात सगळ्या बायांना माहीत होतं की अन्नपूर्णाबाईच्या सुनेच्या चिंध्या आपोआप पेटतात.

आणि त्याच दिवशी आभाळ आलं.

कार्तिक सरत आलेला, ऊन कडक पडायचे दिवस. पण सकाळी दहापर्यंत धुई आणि मग दिवसभर मळकट उजेड. पाळणा अंगणात ठेवावा तर कधी थेंब येईल भरवसा नाही, घरात ठेवावा तर हवा नाही. मी तो पुढच्या खोलीत दारापाशी ठेवला, सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. सासूबाई वावरात निघताना अंगठा लावून बघायच्या.

"वाळला का पाळणा?"

"नाही अजून."

"हं."

त्या 'हं' मध्ये सगळं असायचं. रानात कापसाची पराठी पांढरीफटक फुटली होती, बोंडं खाली लोंबत होती. एक सर आली असती तर सगळा कापूस पिवळा. आणि घरात धडधाकट सून पाळणा वाळवत बसली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर पाळण्याला मिसरूड फुटली होती. खरंच. कठड्याला, दांड्यांना पांढरी बारीक लव. रात्री बायांनी गाठोडी ढिगावर पालथी केली तेव्हा रुई उडाली आणि चिकट तेलावर जाऊन बसली. हात लावला तर बोटांना तार आली.

मी गरम पाण्यात फडकं पिळून ती लव काढली. दुपारपर्यंत हात दुखले. रात्री पाळण्यावर जुनी साडी झाकली, तर सकाळी साडीच चिकटलेली. ओढली तर तिचे धागे मागे राहिले.

"तेलच खराब असेल," विवेक म्हणाला. तो दिवसभर जिनिंगमध्ये गाड्या मोजून आलेला, डोळे लाल.

"वास चांगला आहे."

"मग तू जास्त लावलं असशील."

"मी पुसून काढलं. एकदाच लावलं अन् पुसून काढलं."

"मग काऊन नाई वाळून राह्यला?"

मला रडू आलं. एका पाळण्यासाठी. याचंच जास्त वाईट वाटलं. मला समजत नव्हतं ते हे की मी हात लावत नव्हते तरी पाळणा रोज सकाळी आदल्या संध्याकाळपेक्षा ओला लागायचा. हवेतला दमटपणा म्हणावा तर दरवाजा, खाट, काहीच असं चिकटत नव्हतं. मी तेल तापवताना चुकले का, हे मनातल्या मनात पन्नासदा पाहून झालं.

*

"चाल वावरात," एके दिवशी सासूबाईच म्हणाल्या. "लेकरू घेऊन चाल. धुऱ्यावर टाकजो गोधडी. आमी काय पाळणे घेऊन जात होतो का?"

बाबांच्या गुडघ्याला सूज होती, रांगणाऱ्या पोरीच्या मागे ते धावू शकत नव्हते. त्यामुळे मीही निघाले. गोधडी, पाण्याची बाटली, डबा, बोधी. बांधावर तुरीच्या तासाखाली, झाडांच्या ओळीच्या सावलीत गोधडी टाकली, चहूबाजूंनी दगड लावले. कोकिळाबाई आणि आणखी दोघी बाया आधीच एकेक तास धरून पुढे गेल्या होत्या.

"आली का वो चिंधीवाली," कोकिळाबाई म्हणाल्या. "वाळला का पाळणा?"

"वाळून राह्यला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या नातीच्या लग्नापर्यंत वाळते."

बाया खदखदल्या. मी तास धरला. वेचणीला हात दोन लागतात आणि डोळे चार. मला दोनच होते आणि तेही दर बोंडाला मागे वळत होते. ओल्या हवेत कापूस बोंडातून सुटत नव्हता, ओढला की सुकलेल्या पाकळीचं टोक नखाखाली जायचं. छातीत दूध भरून आलं होतं. बाकीच्या बायांची ओटी दोनदा रिकामी झाली तेव्हा माझी अर्धीही भरली नव्हती.

बोधी रडली नाही, म्हणूनच मी तिच्याकडे पळाले. ती गोधडीच्या बाहेर आली होती. पोटावर पालथी, तोंडात बोंडाची वाळकी फाक. मी बोट घालून काढली तर हिरडीवर रक्त. पायावर लाल मुंग्या. मग ती रडली, आणि अशी रडली की चारही बायांचे हात थांबले.

"दे इकडं," सासूबाईंनी तिला घेतलं, पायावरच्या मुंग्या चोळून काढल्या, तोंडात पाहिलं. कोकिळाबाई म्हणाल्या, "अन्नपूर्णे, घरी पाठव वो पोरीले. हिचं ध्यान नाई कामात."

"ध्यान कसं राहीन," सासूबाई म्हणाल्या. मी चमकून बघितलं. पण त्यांनी बोधीला माझ्या कडेवर दिलं आणि लगेच पाठ केली. "जाय. संध्याकाळी कढी टाकजो."

*

दुसऱ्या दिवशी घर झाडताना मला एक बोळा सापडला.

कापसाच्या ढिगामागे भिंतीत एक कोनाडा आहे, तिथे सासूबाईंचा तंबाखूचा डबा असतो. झाडूचं टोक लागलं आणि एक चिंधी खाली पडली. कापसाच्या कडेलाच. लुगड्याचा तुकडा, घट्ट गोळा केलेला. उचलला तर तो गरम होता. तव्यावरून काढून टोपलीत टाकलेल्या भाकरीइतका गरम. आणि जवसाच्या तेलाचा वास.

मी तशीच उभी राहिले. बोधी स्वयंपाकघरात बाबांजवळ वाटी आपटत होती. मधे हा ढीग, वर्षाची कमाई, आणि ढिगाला लागून गरम चिंधी. आणि त्याच वेळी पाळणा रोज ओला का लागतो तेही समजलं.

बोळा मी ताटलीत घेतला आणि अंगणात दगडावर ठेवला. पाण्यात टाकला नाही. सासूबाई येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. बाबांनी दोनदा विचारलं, काय झालं बेटा? मी म्हटलं, काही नाही. तेवढा वेळ तो निवला नाही, उलट कडेने पिवळट पडत गेला.

त्या आल्या, डोक्यावरचं गाठोडं खाली टाकलं.

"आई, पाळण्याले तेल तुम्ही लावता का?"

त्यांनी पदराने मान पुसली. "हो. म्या लावतो. झुंजुरका उठतो तवा लावतो. काऊन?"

"मी सांगितलं होतं ना, पातळ लावायचं अन् पुसायचं—"

"पुसून काढल्यावर लाकूड काय पेते वो? सागाले तेल पाजा लागते. आमी काय पाळणे पाह्यलेच नाई का? मोठी शिकलेली. लेकराच्या आंगाले तेल लावतं तं पुसून काढतं का?"

"मग सांगायचं तरी. मी आठ दिवसांपासून डोकं फोडून राह्यली. सारा गाव हसून राह्यला. तुम्हीच विचारता वाळला का, अन् तुम्हीच ओला करता."

"हळू बोल."

"अन् हे बघा." मी ताटली पुढे केली. "हे कापसाजवळ होतं. हात लावा."

त्यांनी बोळा उचलला. तळहातावर ठेवला, मग गालाला लावला, तापलेल्या लेकराचं कपाळ बघतात तसा.

"उनात होता का?"

"ऊन कुठे आहे, आई? कोनाड्यात होता."

तो धरून त्या स्वतःच रांजणापाशी गेल्या, बादलीत पाणी घेतलं आणि बोळा त्यात बुडवला. हात पाण्यातच ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण तेल कमीच हाये पाळण्याले. एवढं सांगून ठेवतो."

रात्री त्या जेवल्या नाहीत. विवेक मला म्हणाला, "तू अशी का बोललीस?" मी म्हटलं, "कशी?"

*

सकाळी मी सगळं खरडायला घेतलं. रागच होता तो. बाबांनी फुटक्या आरशाचा तुकडा दिला, सुतार लाकूड तासून झाल्यावर काचेने घासतात म्हणाले. काच तिरपी धरून ओढली की चिकट साय गुंडाळत यायची, आत रुईचे, साडीचे धागे, एखादा अडकलेला डास. कान साफ केल्यासारखं. मी दांडे खरडले, खालची फळी खरडली, पायथ्याकडचा कठडा खरडला. बाहेर आभाळ इतकं खाली आलं होतं की दुपारीच दिवा लावावा वाटत होतं. बाबा एका हाताने बोधीच्या फ्रॉकची मागची गाठ धरून खाटेवर बसले होते आणि दर थोड्या वेळाने दाराबाहेर बघत होते.

उशाकडच्या कठड्याच्या आतल्या बाजूला आले तेव्हा काच घसरली. इतर कुठेही नव्हता इतका जाड थर तिथे होता. रोज तिथंच हात फिरत असावा. मी जोर लावला, एक लांब साल निघाली. त्याखालचं लाकूड गुळगुळीत नव्हतं. मला वाटलं वाळवी. बोटाने चाचपलं.

वाळवी अशी खात नाही. वरच्या कडेला दोन बारीक खाचा, बाजूबाजूला. त्यांच्या खाली आणखी दोन. थोडं पुढे पुन्हा तशाच. तांदळाच्या दाण्याएवढ्या, कडा झिजून गोल झालेल्या.

बोधीला दात नाहीत. आणि विवेकला दात चालायला लागल्यावर आले, पाळणा सुटल्यावर.

मी काच खाली ठेवली. मग उचलली, आणि तेवढी वीतभर जागा सोडून बाकीचा कठडा खरडला. ती वीत तशीच राहिली, चिकट, लव लागलेली.

थेंब पडायला लागले तेव्हा चार वाजले असतील. आधी पत्र्यावर एकेक, मग एकदम. बाबा काठी टेकत उठले, "गेला. गेला कापूस," एवढंच म्हणत. बाया गल्लीतून पळत आल्या. सासूबाई सगळ्यांच्या मागे, डोक्यावर गाठोडं, गाठोड्यावर स्वतःचा पदर काढून टाकलेला आणि केसांतून पाणी. मी धावत जाऊन गाठोडं उतरवून घेतलं. खालून ओलं होतंच.

"अर्धं वावर राह्यलं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस बाया नाई, बाया नाई. अन् आज हे."

आता माझं नाव येईल म्हणून मी वाट पाहिली. माझं नाव घेतलं असतं तर मला चाललं असतं. पण त्या उंबऱ्यावर बसल्या, केस पिळले, आणि त्यांची नजर खरडलेल्या पाळण्यावर गेली. लाकूड पुन्हा करडं, ओरखडलेलं.

"सारं खरडलं?"

त्या उठल्या. ओल्या पायांनी ढिगाला वळसा घालून आल्या आणि हात सरळ उशाकडच्या कठड्यावर गेला, आतून. बघावं लागलं नाही त्यांना. बोटं एकदा अलीकडे गेली, एकदा पलीकडे, आणि मग थांबली.

"एवढं काऊन सोडलं?"

"दात आहेत तिथं, आई."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाबांनी बोधीला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"विवेकचे नाई थे," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे मले."

"तिले लय लवकर आले होते." बोट खाचेत तसंच होतं. "लय चावरी होती. मायी साडी, बाबाचं धोतर, काईच सोडे नाई." मग हात काढून घेतला, लुगड्याला पुसला. "चाल. ओला कापूस पसरा लागते. नाई तं तापते तो बी."

आम्ही दोघींनी तो खाटांवर, पाटांवर, धान्याच्या कोठीवर, जिथे जागा मिळेल तिथे पसरला. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. चुलीजवळचा कापूस हलवताना त्या म्हणाल्या, "तुया चिंध्या कुठी हायेत?"

"कुंपणावर होत्या. भिजल्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

*

ऊन पडलं ते पाऊस थांबल्यानंतर दोन दिवसांनी, कडक, निर्लज्ज. पराठीवर राहिलेला कापूस पिवळा पडून बोंडातच चिकटला होता. तो वेचायला दुप्पट वेळ आणि व्यापारी त्याला बोटाने उलटसुलट करून तोंड वाकडं करणार. तरी वेचायचा तर होताच.

मी पाळणा अंगणात काढला. पातळ हात मारला, पुसला. सासूबाई वावरात निघायच्या आधी तिथं बसल्या. त्यांनी वाटीत बोट बुडवलं, त्या वीतभर जागेवर फिरवलं, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या हातातलं फडकं घेऊन पुसलं. एकदा, दोनदा. माझ्यापेक्षा कमीच पुसलं. पण पुसलं. मग फडकं झटकून स्वतः कुंपणावर पसरलं आणि वर खडा ठेवला. कुडापलीकडून कोकिळाबाई म्हणाल्या, "आता तू बी का वो, अन्नपूर्णे?"

"मंग? पेटते ना थे," सासूबाई म्हणाल्या. "तुया घरी लागन आग तवा समजन."

उन्हात, वाऱ्यावर पाळणा वाळला. दुसरा हातही वाळला. रंग पहिल्यापेक्षा गडद आला, काचेचे ओरखडे मात्र राहिले. बाबांनी मयालीला साखळी अडकवली, दोनदा लोंबकळून बघितलं. मी तिसऱ्यांदा बघितलं.

बोधीला आत ठेवलं तेव्हा सगळे उभे होते. विवेकही, डबा हातात घेऊन, कामाला उशीर होत असताना. तिने दांडे धरले, हलवले, पाळण्यात पडलेली माझी बांगडी उचलून बाहेर टाकली. मग ती रांगत उशाकडे गेली, कठडा धरून वर उठली, आणि आख्ख्या पाळण्यात जी एक जागा अजून जराशी चिकट होती तिथंच तिने तोंड लावलं. हिरड्यांनी दाबलं. बाजूला झाली तेव्हा वरच्या ओठावर कापसाची पांढरी लव चिकटली होती.

"अरे, अरे, तिथं नको—" मी पदर घेऊन धावले.

सासूबाईंनी माझा दंड धरला. त्यांचा हात वेचणीने खरखरीत झालेला, नखांच्या कडा फाटलेल्या.

"चावू दे," त्या म्हणाल्या. "खायचंच तेल हाये म्हणत होती ना तू?"

मी थांबले. बोधीने पुन्हा तोंड लावलं. सासूबाई ती सोडेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या, दंड तसाच धरून. मग माझी ओटी खुंटीवरून काढून माझ्या खांद्यावर टाकली.

"चाल. बाया गेल्या पुढं."